मूठभर माती आणि पंधरा गप्प माणसं

मागच्या अंकात मी अँटिगनीवर अर्धं पान लिहिलं आणि त्यावर इतकी पत्रं आणि मेल आली की या वेळचा अख्खा कॉलम तिलाच देतेय. ज्यांचा तो अंक हुकला त्यांच्यासाठी गोष्ट पटकन सांगते. सॉफोक्लिसचं हे ग्रीक नाटक, अथेन्समध्ये इ.स.पू. ४४१ च्या सुमाराला झालेलं. थीब्ज शहराचा राजा ईडिपस गेल्यावर त्याचे दोन मुलगे गादीवरून भांडले, इटिओक्लिस शहरात राहिला, पॉलिनायसिस आर्गोस या दुसऱ्या शहराचं सैन्य घेऊन स्वतःच्याच शहरावर चालून आला आणि दोघं एकमेकांच्या हातून मेले. मग त्यांचा मामा क्रेऑन राजा झाला आणि त्यानं हुकूम काढला की इटिओक्लिसला मानानं पुरायचं, पॉलिनायसिसचं प्रेत कुत्र्यापाखरांसाठी उघड्यावर टाकायचं आणि त्याला कुणी माती दिली तर त्या माणसाला भर गावात दगडांनी ठेचून मारायचं. त्यांच्या बहिणीनं, अँटिगनीनं, माती दिली. पुढं काय झालं ते प्रश्नांच्या ओघात येईलच.

प्रश्न: ताई, मी पुलंचं 'राजा ओयदिपौस' वाचलंय. अँटिगनी म्हणजे त्याचाच पुढचा भाग का? आधी ते वाचायला हवं का? – वाचक, डोंबिवली

उत्तर: गोष्टीच्या हिशोबानं पुढचा, पण लिहिलं गेलं ते आधी. अँटिगनी आधी आलं, राजा ईडिपसचं नाटक त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, आणि म्हातारा आंधळा ईडिपस कोलोनसला येऊन मरतो ते तिसरं नाटक तर सॉफोक्लिस गेल्यावर, इ.स.पू. ४०१ मध्ये, त्याच्या नातवानं रंगमंचावर आणलं. त्यामुळं तिन्हीतला क्रेऑन एकच माणूस धरून वाचू नका, गोंधळ होईल. पुलंच्या पुस्तकात जो सबुरीनं बोलणारा क्रेऑन भेटतो तो इथं भेटणार नाही. सॉफोक्लिसनं १२३ नाटकं लिहिली असं सांगतात, पूर्ण शिल्लक आहेत फक्त ७, तेव्हा जे हाताला लागेल ते आधी वाचा.

प्रश्न: ताई, लेख वाचला पण पटला नाही. माझा मुलगा फौजेत आहे. परकं सैन्य घेऊन आपल्याच गावावर चालून येणाऱ्याला कसला आलाय मान? गावासाठी मेलेला आणि गाव जाळायला आलेला, दोघांना एकाच मापानं मोजायचं का? क्रेऑनचं काय चुकलं ते स्पष्ट सांगा. – एक वडील, सातारा जिल्हा

उत्तर: तुमचं पत्र मी तीनदा वाचलं, कारण तुमचा राग समजून न घेता हे नाटक समजतच नाही. अथेन्समधल्या अक्रोपोलिस टेकडीच्या दक्षिण उतारावरच्या त्या थिएटरात जे हजारो लोक बसले होते त्यातल्या कितीतरी जणांनी स्वतः लढाया केलेल्या, भाऊ आणि मुलं गमावलेली. खुद्द सॉफोक्लिस त्याच सुमाराला अथेन्सचा पुढारी पेरिक्लिस याच्याबरोबर सामॉस बेटाच्या मोहिमेवर सेनापती म्हणून गेला होता. गद्दारी म्हणजे काय हे त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती. अथेन्सचा स्वतःचाच कायदा होता की देशद्रोह्याला अ‍ॅटिकाच्या, म्हणजे अथेन्सच्या मुलखाच्या, मातीत पुरायचं नाही. म्हणजे क्रेऑन पहिल्यांदा स्टेजवर येऊन बोलतो तेव्हा बऱ्याच प्रेक्षकांच्या माना हलल्या असणार, आणि ते भाषण खरंच चांगलं आहे. राज्य हे जहाज आहे, ते बुडालं तर मैत्री नातीगोती सगळंच बुडेल, माणूस सत्तेवर बसल्याशिवाय आणि कायदे केल्याशिवाय त्याचं मन कळत नाही, आणि जो राज्यकर्ता चांगला सल्ला घेत नाही, भीतीपोटी तोंडाला कुलूप लावून बसतो तो सगळ्यात वाईट, असं तो सांगतो.

हे भाषण पुढं किती लांब गेलं बघा. शंभरएक वर्षांनी, इ.स.पू. ३४३ मध्ये, अथेन्सचा नामांकित वक्ता डेमॉस्थेनिस यानं आपला राजकीय विरोधक एस्किनिस याच्यावर खटला भरला तेव्हा भर कोर्टात याच ओळी वाचून दाखवायला लावल्या, कारण एस्किनिस आधी नट होता आणि त्यानं क्रेऑनचं काम केलेलं होतं, म्हणजे ज्या ओळी तू स्टेजवर म्हटल्यास त्याच तू मोडल्यास असा आरोप. आणि आपल्या काळात दक्षिण आफ्रिकेतल्या रॉबेन आयलंडच्या तुरुंगात कैद्यांनी हे नाटक केलं तेव्हा नेल्सन मंडेलांनी क्रेऑनचं काम केलं आणि नंतर आत्मचरित्रात याच ओळींची आठवण काढली. सत्तेवर बसल्याशिवाय माणूस कळत नाही, हे वाक्य तुरुंगात बसून घोकणारा माणूस पुढं जाऊन राष्ट्राध्यक्ष होतो, मला तर हे वाचताना दर वेळी भरून येतं.

मग चुकलं कुठं? पहिली गोष्ट, अथेन्सच्या कायद्यात गद्दाराला आपल्या मातीत जागा नव्हती, पण घरच्यांनी त्याला हद्दीबाहेर नेऊन पुरलं तर तेवढी वाट मोकळी होती. क्रेऑन तेही करू देत नाही. तो प्रेत तिथंच ठेवतो, पहारा बसवतो आणि सडू देतो. पॉलिनायसिस तर मेला, त्याला आता कसली शिक्षा. ते प्रेत आहे जिवंत माणसांनी बघावं म्हणून. ग्रीकांची समजूत अशी की माती मिळाली नाही तर मेलेल्याच्या जीवाला विसावा नाही, आणि प्रेताला न्हाऊ घालणं, त्याच्यासाठी रडणं हे घरच्या बायकांचंच काम. म्हणजे क्रेऑननं एका बहिणीला तिच्या वाटणीचं काम गुन्हा ठरवून दिलं.

दुसरी गोष्ट, तुम्ही विचारलंत तोच प्रश्न क्रेऑनही अँटिगनीला तोंडावर विचारतो, की चांगल्याला आणि वाईटाला सारखंच का? तिचं उत्तर फार साधं आहे, ती म्हणते की खाली पाताळात हाच हिशोब चालतो की नाही कुणाला माहीत. शत्रू मेला तरी शत्रूच, असं तो म्हणतो तेव्हा ती म्हणते, माझा जन्म द्वेषात वाटेकरी व्हायला झालेला नाही, प्रेमात वाटेकरी व्हायला झालाय. आपल्याकडं रावण पडल्यावर बिभीषण त्याचे अंत्यसंस्कार करायला कचरतो तेव्हा राम त्याला 'मरणान्तानि वैराणि' म्हणतो, आपण तो श्लोक लहानपणापासून ऐकतो. रावण वाईट नव्हता असं राम म्हणत नाही. वैर संपलं इतकंच म्हणतो. तुम्ही फौजेतल्या मुलाचे वडील आहात, लढाईनंतर शत्रूचं प्रेत कसं वागवायचं हा प्रश्न तुमच्या घरात माझ्यापेक्षा जास्त खरा आहे, म्हणून हे तुमच्यापुढं ठेवतेय.

आणि तिसरी गोष्ट सगळ्यात मोठी. क्रेऑन सुरुवातीला शहराच्या नावानं बोलतो, पण हळूहळू शहर बाजूला पडतं आणि उरतो फक्त 'मी'. त्याचा मुलगा हेमॉन, ज्याचं अँटिगनीशी लग्न ठरलंय, तो बापाकडं येतो आणि आधी अगदी अदबीनं बोलतो. बाबा, तुम्हाला पाहून लोक घाबरतात, तुमच्यासमोर बोलत नाहीत, पण मला अंधारात त्यांची कुजबुज ऐकू येते, सगळं शहर त्या मुलीसाठी हळहळतंय. मग म्हणतो, पुराच्या पाण्यात जी झाडं वाकतात त्यांच्या डहाळ्या वाचतात, जी ताठ उभी राहतात ती मुळासकट जातात. आपल्याला लगेच 'महापुरें झाडें जाती, तेथें लव्हाळे वाचती' आठवतं ना? तुकोबा ते देवाकडं लहानपण मागताना म्हणतात, आणि इथं एक मुलगा बापाकडं लहानपण मागतोय, बापासाठीच. बाप ऐकत नाही. मी कसं राज्य करायचं हे आता शहर मला सांगणार का, असं विचारतो. हेमॉन म्हणतो, एका माणसाच्या मालकीचं असतं ते शहरच नव्हे, ओसाड जागेवर तुम्ही एकट्यानं छान राज्य कराल.

हेगेल नावाचा जर्मन तत्त्वज्ञ म्हणून गेला की इथं दोन्ही बाजू न्याय्य आहेत, एकीकडं राज्य, एकीकडं घर, आणि दोन न्याय्य बाजूंची टक्कर म्हणजेच शोकांतिका. नाटकाच्या पहिल्या अर्ध्या तासापुरतं मला ते पटतं. हेमॉनच्या प्रवेशानंतर नाही पटत, कारण तोपर्यंत क्रेऑननं राज्याची बाजू स्वतःच सोडलेली असते.

प्रश्न: मी नाटकाचा ग्रुप चालवतो, आम्ही हे बसवायचं म्हणतोय. एक अडलंय. अँटिगनी प्रेतावर माती टाकून एकदा सुटलेली असते, मग परत का जाते? एकदा विधी झाला की झाला ना? – वाचक, कोल्हापूर

उत्तर: यावर अभ्यासकांनी पानंच्या पानं लिहिलीत, काहींनी तर पहिली माती देवांनी टाकली, नाहीतर तिच्या बहिणीनं, इस्मिनीनं, टाकली असंही म्हटलंय. मला वाटतं तुम्ही पहारेकऱ्याचं बोलणं नीट बसवलंत की उत्तर आपोआप मिळेल, म्हणून ते जरा सविस्तर सांगते.

पहिल्यांदा पहारेकरी सांगायला येतो तेव्हा तो घाबरून अर्धमेला झालेला. कुदळीचा घाव नाही, गाडीच्या चाकाची खूण नाही, कुत्र्याजनावराच्या दातांची खूण नाही, प्रेतावर नुसता धुळीचा पातळ थर. पहारेकऱ्यांची आपसात जुंपते, तापलं लोखंड हातात धरतो, आगीतून चालतो पण मी नाही केलं, अशा शपथा होतात आणि शेवटी राजाला सांगायला कुणी जायचं यासाठी चिठ्ठी टाकतात, ती याच्या नावावर निघते.

मग ते परत जातात, प्रेतावरची सगळी माती झाडून काढतात, ओलं सडकं अंग उघडं करतात आणि वास अंगावर येऊ नये म्हणून वारा पाठीशी घेऊन टेकडीवर जाऊन बसतात. ही पाठीशी वारा घेण्याची बारीक गोष्ट सॉफोक्लिसला सुचली यासाठीच मी त्याला हात जोडते. भर दुपारी, सूर्य डोक्यावर असताना, धुळीची वावटळ उठते, सगळं मैदान भरून जातं, ते डोळे मिटून बसतात. वावटळ शमते तेव्हा मुलगी समोर असते. पिल्लं नेलेलं रिकामं घरटं बघून पाखरू ओरडतं तशी ती ओरडते, माती झाडणाऱ्यांना शाप देते, मग हातांनी कोरडी धूळ आणून टाकते आणि पितळी झारी उंच धरून तीन वेळा धार सोडते. ते धावत येऊन धरतात तरी ती दचकत नाही, काही नाकारत नाही.

म्हणजे ती परत गेली कारण तिनं दिलेली माती त्यांनी झाडून टाकली होती. विधी झाला का, पाप टळलं का, हा हिशोब वकिलाचा. तिचा भाऊ परत उघडा पडला होता. आपल्या भाषेत मूठमाती देणं हा किती नेमका शब्द आहे, आपण त्याचा वाक्प्रचार करून टाकला, जुन्या रूढींना मूठमाती, वादाला मूठमाती, पण मूळ कृती ही, आपल्या हातानं आपल्या माणसाच्या अंगावर मूठभर माती. तुमच्या अँटिगनीला स्टेजवर हे करायला मिळणार नाही, सगळं पहारेकऱ्याच्या तोंडून येतं, त्यामुळं त्या भूमिकेला तुमच्याकडचा चांगल्यातला चांगला नट द्या. आणि त्याचं शेवटचं वाक्य घाईत उरकू नका. तो म्हणतो, स्वतः संकटातून सुटलो याचा आनंद आहे, आपल्या माणसाला संकटात ढकलल्याचं वाईट वाटतं, पण माझ्या जिवापुढं हे सगळं कमीच. त्याला खलनायक करू नका प्लीज. तो आपल्यातलाच आहे.

प्रश्न: मॅम, मी एमएच्या पहिल्या वर्षाला आहे. अँटिगनी मला खूप आवडायची पण शेवटी ती म्हणते की नवऱ्यासाठी किंवा मुलासाठी मी हे केलं नसतं, नवरा दुसरा मिळाला असता, मूलही दुसरं झालं असतं, आईवडील मेल्यावर भाऊ मात्र परत मिळणार नाही. हे वाचून मला धक्काच बसला. मग तिचं ते देवांच्या कायद्याचं बोलणं खोटं का? – विद्यार्थिनी, पुणे

उत्तर: तुला बसला तसाच धक्का जर्मन कवी गटेला बसला होता, इतका की या ओळी सॉफोक्लिसच्या नाहीतच असं कुणी अभ्यासकानं सिद्ध करावं अशी इच्छा त्यानं बोलून दाखवली. पण अ‍ॅरिस्टॉटलला त्या माहीत होत्या, आणि ग्रीक इतिहासकार हेरोडोटसमध्ये अगदी अशीच गोष्ट आहे, पर्शियाचा राजा दारियस एका बाईच्या घरातल्या सगळ्या पुरुषांना धरतो, त्यातला एक सोडतो म्हणतो, ती भावाला मागते आणि कारण हेच देते. तर ओळी आहेत, आणि आपल्याला त्यांच्यासकटच तिला स्वीकारायचंय.

मी हे असं वाचते. क्रेऑनसमोर उभी असताना ती म्हणाली होती की हा हुकूम काही झ्यूसनं काढलेला नाही, देवांचे न लिहिलेले कायदे आजचे किंवा कालचे नाहीत, ते कायम जिवंत असतात आणि कधीपासून आले कुणालाच ठाऊक नाही. त्या वेळी ती रागात होती, समोर माणूस होता, मान ताठ होती. आता तिला गुहेकडं नेतायत. दगडांची शिक्षा बदलून तिथं तिला थोडंसं अन्न ठेवून जिवंत चिणणार आहेत. लग्न नाही, मूल नाही, एकही मैत्रीण रडायला नाही, आणि ती स्वतःला विचारतेय की मी हे का केलं. त्या क्षणी मोठं तत्त्व हाताशी येत नाही गं. हाताशी येतो तो भाऊ, हा एक, जो परत होणार नाही. ती मध्येच असंही म्हणते की देवांना मी असं कोणतं पाप केल्यासारखं वाटलं, मी त्यांच्याकडं अजून बघू तरी कशाला. म्हणजे तिला देवांचीही खात्री उरलेली नाही.

तुला ती इथं लहान झाल्यासारखी वाटली, मला ती इथं सगळ्यात जवळची वाटते, कारण खात्री गेल्यावरसुद्धा ती 'चुकले, सोडा' म्हणत नाही. तू परीक्षेत काय लिहायचं ते तुझं तू ठरव, पण या ओळी गाळून तिच्यावर प्रेम करू नकोस.

प्रश्न: ताई, हा प्रश्न नाटकाचा आहे की माझा, मलाच कळत नाही. मी एका ऑफिसात बावीस वर्षं नोकरी केली, आता रिटायर आहे. आमच्याकडं एका बाईंनी खोट्या बिलांवर सही करायला नकार दिला. त्यांना लांब बदली दिली, नंतर चौकशी लावली, शेवटी त्यांनी राजीनामा दिला. आम्ही आठ-दहा जण होतो, सगळ्यांना माहीत होतं. डब्याच्या सुट्टीत त्यांना एकटं गाठून आम्ही प्रत्येकानं सांगितलं, 'मॅडम, तुम्ही केलंत ते बरोबर केलंत.' साहेबांसमोर मीटिंगमध्ये मात्र कुणीही तोंड उघडलं नाही. तुमच्या लेखात मी मला शोधलं. अँटिगनी मी नव्हे, क्रेऑनही नव्हे. मी कोण? – वाचक, (गाव देऊ नये)

उत्तर: हे पत्र आल्यापासून मी बाकीचे प्रश्न बाजूला ठेवून हाच घेऊन बसले होते.

तुम्ही नाटकात आहात. पहिला प्रवेश सोडला तर शेवटपर्यंत स्टेजवर आहात. क्रेऑननं हुकूम सांगायला शहरातली वडीलधारी माणसं बोलावलीत, तो कोरस. सॉफोक्लिसनं कोरसची माणसं १२ वरून १५ केली असं सांगतात, म्हणजे जवळजवळ सगळं नाटकभर १५ माणसं समोर उभी आहेत, बघतायत, ऐकतायत. आमच्या वाचनगटात आम्ही एकदा हे नाटक मोठ्यानं वाचलं तेव्हा कोरसची वाक्यं ज्यांच्या वाट्याला आली ते आधी कुरकुरले की आमचं यात काही नाहीच, नुसती गाणी आणि अधूनमधून एक-एक ओळ. मग त्यातल्या एका काकांनी घरी जाऊन फक्त त्या एक-एक ओळी वहीत उतरवून काढल्या आणि पुढच्या वेळी आम्हाला वाचून दाखवल्या. आम्ही सगळे सुन्न झालो. तुम्हाला तशाच सांगते.

क्रेऑन हुकूम सांगतो तेव्हा ते म्हणतात, तुमच्या हातात सत्ता आहे, मेलेल्यांसाठी आणि आम्हा जिवंतांसाठी हवा तो कायदा लावा. तो म्हणतो तुम्ही लक्ष ठेवा, ते म्हणतात हे काम कुणा तरुणाला सांगा. मोडणाऱ्याची बाजू घेऊ नका म्हणतो, ते म्हणतात, मरायची हौस असण्याइतका मूर्ख कोण आहे. मग पहिली माती पडल्याची बातमी येते तेव्हा ते दबकत म्हणतात की राजा, हे देवाचं तर काम नसेल ना, आणि क्रेऑन कडाडतो, गप्प बसा, मला संताप आणू नका. झालं. तिथून पुढं हाताची घडी तोंडावर बोट.

अँटिगनीला हे सगळं दिसतंय. त्यांच्या देखतच ती क्रेऑनला सांगते की हे सगळे माझ्याच बाजूचे आहेत, भीतीनं यांची तोंडं बंद झालीत, तुमच्यासमोर शेपूट घालतात. आणि ते १५ जण त्यावरही काही बोलत नाहीत. नंतर तिला नेताना ते तिच्यासाठी रडतात, आणि रडता रडता सांगतात की बाई, तू फार पुढं गेलीस, तुझ्या हट्टानंच तुझा घात केला. त्यांच्या सांत्वनाला ती म्हणते, माझी चेष्टा करताय. डब्याच्या सुट्टीतलं तुमचं वाक्य तुमच्या मॅडमना कसं वाटलं असेल ते मला माहीत नाही, पण हा प्रवेश मी वाचते तेव्हा वाटतं की खाजगीत मिळालेल्या शाबासकीनं माणूस जास्तच एकटं पडत असेल, कारण आपण एकटे का पडलो याचं उत्तर तिला तिथं मिळतं, लोकांना कळत नव्हतं म्हणून नाही, कळत होतं तरी.

पण काकांच्या वहीत आणखी एक ओळ होती आणि तिच्यासाठी मी हे सगळं लिहितेय. हेमॉन तावातावानं निघून जातो, क्रेऑन ओरडतो की आता त्या दोघी पोरी मेल्याच म्हणून समजा. दोघी म्हणजे अँटिगनी आणि तिची बहीण इस्मिनी, जिनं सुरुवातीला भिऊन नकार दिला आणि नंतर तिच्याबरोबर मरायला तयार झाली. तेव्हा कोरस फक्त विचारतो, दोघींनाही मारणार? क्रेऑन थांबतो. म्हणतो, नाही, जिनं हात लावला नाही तिला नाही, बरोबर बोललात. एक प्रश्न विचारला म्हणून इस्मिनी वाचली. ना बंड, ना भाषण, एक साधा प्रश्न, तोही भीत भीत विचारलेला. आणि पुढच्याच ओळीत ते विचारतात, दुसरीला कसं मारणार? तर दगडांनी ठेचायची शिक्षा बदलून गुहेत चिणायची झालेली असते. शहरावर खुनाचं पातक नको म्हणून थोडं अन्न ठेवतो, असं कारण क्रेऑन देतो. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते, दगड मारायला गावाचे हात लागतात, आणि गाव दगड उचलेल याची खात्री आता त्याला राहिलेली नाही. म्हणजे त्या कुजबुजीलाही वजन होतंच. फक्त ती उजेडात आली नाही.

तुम्ही आठ-दहा होतात. त्या मीटिंगमध्ये 'साहेब, बाईंची बदली नेमकी कशासाठी?' एवढं एकानं विचारलं असतं तर काय झालं असतं हे मी सांगू शकत नाही. तुमची नोकरी होती, घर होतं, कदाचित मुलांची शिक्षणं होती, आणि भीती ही खोटी गोष्ट नसते. ते सगळं मला मान्य आहे. तुम्हाला माफ करायचा अधिकार माझा नाही, तो असलाच तर त्या मॅडमचा. त्यांचा पत्ता किंवा फोन तुमच्याकडं असेल तर 'तुम्ही बरोबर होतात' हे परत सांगू नका, ते त्यांनी ऐकलंय. 'मी गप्प बसलो' हे सांगा. आणि त्या चौकशीच्या कागदांचं काही अजून चालू असेल, त्यांचं पेन्शन किंवा काही अडकलेलं असेल, तर तुमची लेखी साक्ष आजही कामाला येऊ शकते, चांगल्या वकिलाला विचारून बघा.

तुम्ही विचारलं नाहीत पण कोरसचं शेवटी काय होतं तेही सांगते. आंधळा भविष्यवेत्ता टायरेसियस येतो, सांगतो की पाखरं आणि कुत्री त्या प्रेताचं मांस वेदीवर आणून टाकतायत, देव होम घेत नाहीत, मेलेल्याला पुन्हा मारण्यात कसला पराक्रम. क्रेऑन त्याला लाच खाल्लीस म्हणून हिणवतो, पण तो गेल्यावर मात्र हादरतो. आणि मग, सगळ्या नाटकात पहिल्यांदाच, तो त्या १५ जणांकडं वळून विचारतो, काय करू? सांगा, मी ऐकेन. आणि त्यांना उत्तर तयार असतं. क्षणभरही विचार करावा लागत नाही. जा, आधी त्या मुलीला गुहेतून सोडव, मग त्याचं थडगं बांध, लवकर जा, दुसऱ्यावर सोपवू नकोस, स्वतः जा.

इतका वेळ त्यांना हे माहीत होतं.

क्रेऑन धावत जातो, पण क्रम उलटा करतो. आधी मैदानात जाऊन प्रेताचं जे काही उरलंय ते धुतो, ताज्या फांद्यांवर जाळतो, मायभूमीच्या मातीचा उंच ढिगारा रचतो, सगळं यथासांग. मग गुहेकडं निघतो. लांबूनच आतून रडण्याचा आवाज येतो आणि तो आपल्या मुलाचा आहे हे त्याला ओळखू येतं. आत अँटिगनीनं आपल्या तलम ओढणीचा फास करून घेतलेला आहे आणि हेमॉन तिच्या कमरेला मिठी मारून बसलाय.